टाळी वाजली की दार उघडायचं

"बाय, संपलां काय गो?" तांबेकाकांनी माझ्या कानाशी विचारलं.

"नाही वाटतं," मी म्हटलं.

"मग सुरू तरी झालां?"

ह्याचंही उत्तर मला नक्की देता येईना. आम्ही दोघं अंधारात उभे होतो. आतून पियानोचा एकच सूर पुन्हा पुन्हा येत होता, थांबून थांबून. तो झाला की सॅक्सोफोन काहीतरी पुटपुटल्यासारखा वाजायचा आणि गप्प व्हायचा. काकांची मुलगी आत स्टेजवर होती आणि पहिल्या रांगेत तिने त्यांच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. काका दाराच्या अलीकडे होते आणि दार माझ्या हातात होतं.

मी विद्यापीठाच्या थिएटरमध्ये दारावर काम करते. तिकीट बघायचं, टॉर्चने खुर्ची दाखवायची, दार लावायचं, दार उघडायचं. शाळा चौथीपर्यंत झाली, तरी रांगांची इंग्रजी अक्षरं वाचता येतात, तेवढी पुरतात. मला बोलायला जमत नाही, माणसांसमोर जीभ जड होते. दारावर फार बोलावं लागत नाही म्हणून हे काम मला आवडतं. लालबागहून बसने येते, ड्युटी करते, जाते.

आमच्या थिएटरला दारं एकामागे एक अशी दोन आहेत. बाहेरचं लॉबीकडे, आतलं प्रेक्षकांकडे. मध्ये तीन-चार माणसं उभी राहतील एवढी अंधारी जागा. तिला साउंड लॉक म्हणतात. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे बाहेरचा उजेड आणि आवाज आत जात नाही. उशिरा आलेल्या माणसाला मी ह्या लॉकमध्ये उभं करते आणि योग्य वेळ आली की आत सोडते. ह्याला लेट एंट्री म्हणतात. योग्य वेळ ओळखणं हेच दारावरचं खरं काम. नाटकात दोन प्रवेशांच्या मध्ये काळोख होतो, तेव्हा सोडायचं. गाण्याच्या कार्यक्रमात एक गाणं संपून टाळ्या वाजल्या की सोडायचं. नाचाचंही तसंच. मला सूर-ताल कळत नाही, पण टाळी कळते. टाळी वाजली की दार उघडायचं. इतकी वर्षं ह्यात कधी अडचण आली नाही.

त्या दिवशी दुपारी दोघं जण आले. अवनी तांबे, सॅक्सोफोनवाली, आणि नील, पियानोवाला. जॅझचा कार्यक्रम होता. आमच्याकडे जॅझ कधी होत नाही, म्हणून मी नेहमीप्रमाणे ग्रीन रूममध्ये पाणी ठेवायला गेले तेव्हा नेहमीचा प्रश्न विचारला. तो प्रश्न मी पाठ केलेला आहे, म्हणून अडखळत नाही.

"ताई, आयटम किती आहेत?"

"एकच," अवनी म्हणाली.

"केवढा?"

"तासभर असेल. कमीही होईल."

"काय वाजवणार?"

"माहीत नाही, मावशी."

मला वाटलं, मस्करी करते. मी नीलकडे बघितलं. तो केळं खात होता. "खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही ठरवत नाही. स्टेजवर गेल्यावर ही काहीतरी वाजवेल, मग मी काहीतरी वाजवेन."

"ती आधी वाजवेल?"

"किंवा मी."

मला त्यांची काळजी वाटली. तालमीला वेळ मिळाला नसेल बिचाऱ्यांना. तसं बघितलं तर आमच्याकडे गणपतीत भजनाची डबलबारी होते, तिथेही दोन बुवा समोरासमोर बसून जागच्या जागी एकमेकांना उत्तरं देतात. पण तिथे शेवटी गजर होतो. गजर झाला की लहान पोरालाही कळतं, आता उठायचं. ह्यांचा गजर कुठला, ते विचारायचं माझ्या मनात आलं. तोंडात आलं नाही.

मी निघाले तर अवनी मागून आली. "मावशी, एक काम कराल? माझे बाबा येणार आहेत. डिलाईल रोडहून. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर ओढणी टाकून ठेवलीय, निळी. त्यांना तिथे बसवाल?"

"बसवीन की."

"ते आजपर्यंत कधी आले नाहीत माझ्या कार्यक्रमाला. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, लग्नाच्या बँडमध्ये. पोटासाठी मी फुंकलं, तू कशाला फुंकतेस, म्हणायचे. आज येतो म्हणालेत. आज नाही आले तर…" ती थांबली. "आले की बसवा फक्त."

मी मान हलवली. हे सोपं होतं.

संध्याकाळी पेडणेकर साहेबांनी सगळ्यांना बोलावून सूचना दिल्या. पेडणेकर साहेब आमचे हाउस मॅनेजर. प्रेक्षक आत येण्यापासून शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत सगळी जबाबदारी त्यांची.

"आज रेकॉर्डिंग आहे," ते म्हणाले. "सुई पडली तरी माइकमध्ये येईल. घंटा द्यायची नाही, आर्टिस्टना नकोय. मी अनाउन्समेंट करणार आहे, कार्यक्रम पूर्ण संपेपर्यंत टाळ्या वाजवू नका. आणि दारं! दाराचा आवाज आला तर त्या दारावरचं माणूस उद्यापासून पार्किंगला. कळलं, सुनंदाबाई?"

नाव माझंच घेतलं. कारण माझं दार जुनं आहे, हळू सोडलं नाही तर आपटतं. पार्किंगला उभं राहायचं म्हणजे दिवसभर गाड्यावाल्यांशी वाद. मला ते जमलं नसतं.

लेट एंट्रीचं काय, हे कोणीतरी विचारायला हवं होतं. मी बाकीच्या दारवाल्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

माणसं आली. बरीचशी कॉलेजची मुलं, काही दाढीवाले, काही परदेशी. पहिल्या रांगेतली निळी ओढणी मी राखली. एका गृहस्थांनी ती उचलून बाजूला ठेवली, ती मी परत जागेवर टाकली. तांबेकाकांचा पत्ता नव्हता. दिवे मंद झाले. मला दार लावावं लागलं.

आणि मग जरा वेळाने बाहेरच्या दारावर टकटक झाली.

दार उघडलं तर एक उंच म्हातारे गृहस्थ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातावर छत्री अडकवलेली. मागे लॉबी रिकामी.

"सगळे खंय गेले?" त्यांनी विचारलं.

"आत. सुरू झालं."

"सुरू कसां झालां? घंटा खंय झाली?" ते चिडले. "मी कधीपासून खाली कँटीनच्या बाकड्यावर बसलंय. चाय घेतलंय. म्हटलं दुसरी घंटा झाली की उठायचां. तिसरी झाल्याशिवाय माणूस आत कसो जातलो?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी पण तसंच केलं असतं. तिसऱ्या घंटेआधी कार्यक्रम सुरू होत नाही, हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत असतं.

मी त्यांना लॉकमध्ये घेतलं, बाहेरचं दार लावलं. "काका, आयटम संपला की सोडते. टाळ्या वाजल्या की."

म्हटलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आयटम एकच होता. टाळ्या वाजणार नव्हत्या.

मी आतल्या दाराला बोटभर फट केली. नील पियानोवर वाकून आत हात घालून तारा खाजवत होता. बिघडला वाटतं पियानो. अवनी सॅक्सोफोनमध्ये नुसती हवा सोडत होती, सूर नाही. तिचाही बिघडला? पण प्रेक्षक देवळात बसल्यासारखे बसले होते. एक दाढीवाला डोळे मिटून मान डोलावत होता. तालच नव्हता, तर तो कशाला डोलत होता कोण जाणे.

"अजून सूरच लावतत काय?" काका कुजबुजले.

"तसंच वाटतंय."

"इतको वेळ? आमचो बँड वरातीच्या टेम्पोत बसून सूर लावी."

मी फट बंद केली आणि मोबाइलवर पेडणेकर साहेबांना फोन लावला. मी कधी त्यांना आपणहून फोन करत नाही. ते वर कंट्रोल रूममध्ये होते, तिथून दिवे-आवाज बघतात.

"काय आहे?" ते घशातल्या घशात म्हणाले.

"साहेब, ताईंचे वडील आलेत. उशिरा. कधी सोडू?"

"आयटम संपला की."

"संपला हे कसं…"

"अहो, टाळ्या वाजतील ना! रोजचं काम आहे तुमचं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. टाळ्या वाजवू नका म्हणून माइकवरून त्यांनीच सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पुन्हा फोन लावायचा धीर झाला नाही.

मग आतला आवाज बदलला. पियानो खालून वर पळत गेला, सॅक्सोफोन त्याच्या मागे. दोघं भांडत असल्यासारखे एकमेकांचं तोडत होते. काका दाराला कान लावून उभे राहिले. छत्रीचा दांडा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता आणि बोटं त्याच्यावर उघड-मीट होत होती, क्लॅरिनेटवर होतात तशी. थोड्या वेळाने थांबली.

"हिचां बोट खंय जाता ता कळना नाय," ते म्हणाले.

"जाव काय घराक?" असं त्यांनी मग विचारलं. अगदी साधेपणाने. "संपल्यावर तू सांग तिका, इल्लो होतो म्हणून."

"थांबा ना काका. खुर्ची धरून ठेवलीय ताईंनी."

"रिकामी खुर्ची दिसत असतली तिका?"

दिसतच असणार. स्टेजवरून पहिली रांग सगळी दिसते.

तेवढ्यात आत सगळं गप्प झालं. संपलं! मी हँडलवर हात ठेवला. पियानो पुन्हा सुरू झाला. हात काढला. असंच आणखी एकदा झालं. त्या वेळी मी दार थोडं उघडलंही होतं. काकांनी एक पाय पुढे टाकला होता. सॅक्सोफोनने असा काही चीत्कार केला की काकांनी पाय मागे घेतला आणि मी दार दोन्ही हातांनी धरून, आवाज होऊ न देता, परत लावलं. एकीकडे पार्किंग, एकीकडे ती निळी ओढणी. आणि संपलंय की चाललंय, हे जगात कोणाला विचारायचं ते कळत नव्हतं. आत बसलेल्यांना तरी कळत होतं का, देव जाणे.

मग तिसऱ्यांदा शांतता झाली.

ही लांबली. मी फटीतून बघितलं. अवनी सॅक्सोफोन छातीशी धरून डोळे मिटून उभी. नीलचे हात मांडीवर. दिवे तसेच. प्रेक्षक तसेच, कोणी खोकतही नव्हतं. मी वाट बघितली. मग नीलने खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले.

हात पुसले म्हणजे काम झालं. स्वयंपाक झाल्यावर बाई पदराला हात पुसते, मेकॅनिक फडक्याला पुसतो. इतक्या वेळात मला कळलेली ही पहिली गोष्ट होती.

मी दार उघडलं. "जावा काका. पहिली रांग."

काका आत गेले. मी दार धरून मागे उभी राहिले, आपटू नये म्हणून. काका मधल्या वाटेने चार पावलं गेले आणि थांबले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. भरलेलं थिएटर. सगळे गप्प. स्टेजवर त्यांची मुलगी खाली मान घालून उभी.

आणि मला त्यांच्या पाठीवरून कळलं, त्यांना काय वाटलं असेल ते. आपल्या पोरीने एवढा वेळ छाती फोडून वाजवलं. कार्यक्रम संपला. आणि एवढ्या माणसांत तिला कोणी एक टाळी देत नाही.

त्यांनी छत्री कोपरावर सरकवली आणि टाळ्या वाजवायला लागले.

एकट्याने. बँडवाल्याचे हात, मोठे, कोरडे. ठाण ठाण ठाण असा आवाज. सगळं थिएटर दचकून मागे वळलं. काका थांबले नाहीत. टाळ्या वाजवत वाजवत पुढे चालत राहिले, एकेका रांगेकडे बघत, जणू म्हणत होते, काय बसलायत, वाजवा की. एका मुलीने वाजवायला सुरुवात केली. मग तिच्या शेजाऱ्याने. मग तो दाढीवाला उभा राहिला, आणि मग सगळं थिएटर.

अवनीने डोळे उघडले. आधी तिचा चेहरा झोपेतून उठवल्यासारखा झाला होता. मग तिला मधल्या वाटेत पांढरा शर्ट दिसला.

ती माइकपाशी आली. "बाबा," ती म्हणाली, आणि ते सगळ्या थिएटरला ऐकू गेलं. "पुढे या. खुर्ची ठेवलीय." मग लोकांना म्हणाली, "आणखी थोडं वाजवतो."

काकांनी खुर्चीवरची ओढणी उचलली, घडी केली आणि मांडीवर घेऊन बसले. मी दार लावून घेतलं, आवाज न करता. नंतरचं मी लॉकमधून ऐकलं. ते पण मला कळलं नाही. पण लहान होतं, आणि ते संपल्यावर जी पहिली टाळी आली ती कोणाची, हे दाराआडूनही ओळखता आलं.

माणसं बाहेर पडल्यावर मी ग्रीन रूममध्ये बाटल्या गोळा करायला गेले. बाहेर पॅसेजमध्येच भांडण ऐकू आलं.

"तू रुमाल काढलास ना! मला वाटलं, तुझं झालं," अवनी म्हणत होती.

"घाम आला होता! मी तुझी वाट बघत होतो."

"आणि मी तुझी!"

"म्हणजे संपलं नव्हतं?"

"मला काय माहीत?"

मी आत जाऊन बाटल्या उचलायला लागले. काका खुर्चीत बसून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात पेडणेकर साहेब जिन्यावरून धावत आले. रेकॉर्डिंगवाला त्यांच्यावर ओरडला असणार, चेहरा लाल झाला होता.

"सुनंदाबाई! मध्येच माणूस कसा सोडलात तुम्ही आत?"

मी दोन्ही हातांत बाटल्या धरून उभी राहिले.

"मध्येच नाही," अवनी म्हणाली. "मावशींनी संपल्यावर सोडलं त्यांना."

"संपलं होतं?" साहेबांनी तिला विचारलं.

तिने नीलकडे बघितलं. नीलने तिच्याकडे बघितलं.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग ह्या बाईंनी ओळखायचं कसं?" ते म्हणाले आणि आल्या वाटेने निघून गेले. पार्किंगचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी काकांना दारापर्यंत सोडायला गेले. ओढणी अजून त्यांच्या हातात होती.

"काय बाय, तुका काय कळलां?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. काहीच नाही."

"माका पण नाय." ते पायऱ्या उतरायला लागले, मग थांबले. "पण श्वास कधी घेता ता कळना नाय हां तिचो. मी समोर बसान बघलंय. माझ्या बँडात एकाक पण असो श्वास घेवक येय नाय."

मागून अवनी येत होती. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिने त्यांच्या हातातली छत्री घेतली. दोघं जण टॅक्सी शोधायला गेले.

रेकॉर्डिंगवाल्याने पुढे काकांच्या टाळ्या कापून टाकल्या, असं नील नंतर कधीतरी आला तेव्हा म्हणाला. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी नुसती शांतता आहे, आणि ऐकणाऱ्याला संपलं की नाही ते कळत नाही.

माझ्यापुरता मी एक धडा घेतला. आयटम किती, हे आता मी नंतर विचारते. आधी विचारते, "संपलं हे मला कोण सांगणार?" लाजत का होईना, विचारते. नाटकवाले सांगतात, पडदा. गाणारे सांगतात, भैरवी. सगळ्यांचं काही ना काही ठरलेलं असतं.

गेल्या महिन्यात पुन्हा दोघं जण आले, एक ड्रमवाला आणि एक गिटारवाला. काय वाजवणार ते माहीत नाही म्हणाले. मी माझा प्रश्न विचारला.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.